डाव्या हाताचं बोलणं

"एकदाच म्हणायचं. हळू म्हणायचं. आणि मग गप्प राहायचं."

पडवीत असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजानंतरचा धडा चालू होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि समोर गावातली पाच-सहा तरुण मुलं. मी चिकाच्या पडद्यामागे बसून रातांबे फोडत होते. हात मनगटापर्यंत लाल. मला आत बसून ऐकायची परवानगी होती, मध्ये बोलायची नव्हती. तशी मी बोललेही नसते. माझा आवाजच इतका बारीक की आई म्हणायची, "ही हाक मारते तेव्हा कोंबडीसुद्धा मान वर करत नाही."

"मरणाऱ्या माणसाजवळ बसून कलमा म्हणायचा," बाबा सांगत होते, "म्हणजे त्याला आठवेल. त्याने मागोमाग म्हटला तर उत्तम. नाही म्हटला तर त्याच्या मागे लागू नका. म्हण, म्हण, म्हण, असं करू नका. त्याचा जीव आधीच कासावीस झालेला असतो. वैतागून त्याच्या तोंडून भलतंच निघालं, तर ते कुणाच्या माथी?"

"आमच्या," मुलं म्हणाली.

"आणि पुरल्यावर?" याकूबने विचारलं. याकूब सारंग हा बाबांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. नुकताच आमच्या मशिदीचा इमाम झाला होता, तरी धड्याला येऊन मुलांच्या रांगेतच बसायचा.

"पुरल्यावर तलकीन. माती लोटून झाली की उशाशी बसायचं आणि मेलेल्याला हाक मारून सांगायचं, आता तुला सवाल विचारतील, भिऊ नकोस, तुझा रब कोण, तुझा नबी कोण, ते विसरू नकोस."

"उस्ताद," मागून एकजण म्हणाला, "कबरीत फरिश्ते सवाल विचारतात ते अरबीतून का? मग आमचा आजा नापास. त्याला अरबी काय, मराठीसुद्धा धड येत नाही. तो फक्त होडीला शिव्या घालतो."

सगळे हसले. बाबाही हसले. मग म्हणाले, "तुला तहान लागते तेव्हा आधी काय येतं, पाणी हा शब्द की तहान?"

"तहान."

"ती तहान म्हणजे तुझं खरं बोलणं. पाणी ही नुसती खूण. अरब दुसरी खूण करेल, इंग्रज तिसरी, तान्हं मूल नुसतं रडेल. तहान तीच. तिथे तहान विचारतात, खूण नाही."

मग ते नेहमीच्या विषयावर आले. त्यांचा उभा जन्म त्यात गेला होता. अल्लाचं बोलणं म्हणजे काय? त्याला जीभ नाही, ओठ नाहीत, एका अक्षरामागून दुसरं यायला वेळ लागतो तसा वेळ नाही. आपण वाचतो तो आवाज आपला, कागद गिरणीचा, शाई दुकानातली. ही सगळी खूण. ती ज्याची खूण आहे ते बोलणं मात्र कुणी बनवलेलं नाही. हजार वर्षांपूर्वी बगदादेत याच वादापायी माणसांना फटके बसले, माणसं तुरुंगात गेली, असं ते सांगत तेव्हा काल शेजारच्या आळीत घडल्यासारखं सांगत.

बाबांच्या बोलण्यातलं गावाने एवढंच उचललं होतं की खतीब मौलवी म्हणतो, कुराण म्हणजे कागद आणि शाई. एका जुम्म्याच्या भाषणानंतर चार घरांनी आमच्याकडे ईदची शेवई पाठवणं बंद केलं होतं. आई म्हणायची, "तुझा बाप शब्द धुऊन वाळत घालतो, आणि वाळायच्या आधी गाव ते चिखलात टाकतं."

"पण उस्ताद," याकूब म्हणाला, "आतलं बोलणं दुसऱ्याला कळणार कसं? शेवटी तोंडातून शब्दच यावा लागतो ना?"

बाबांचा चेहरा खुलला. असा प्रश्न आला की ते दहा वर्षांनी लहान व्हायचे. "हा जुन्यांनीही विचारला होता. उत्तर आहे त्याला. पुढच्या जुमेरातीला."

मुलं गेल्यावर त्यांनी मला आणि याकूबला थांबवलं. "माझं दोन वेळा सांगायचं असेल. इथलं, मरतानाचं, सफूराकडे. तिचा आवाज हळू आहे, तिला जमेल. कबरीवरचं याकूबकडे."

"वाचेन, उस्ताद," याकूब म्हणाला.

"आणि याकूब नसला तर तेही तुझ्याकडे, बाय."

"बायका कबरस्तानात जात नाहीत," आई आतून म्हणाली.

"माझी परवानगी आहे."

"तेव्हा तुम्ही मेलेले असाल!"

"म्हणून तर आत्ता देतोय," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले, मी "हो" म्हणेपर्यंत.

पुढचा गुरुवार, ती जुमेरात, आली तेव्हा बाबा खाटेवर होते. आदल्या दिवशी नमाजाआधी वजूसाठी हातपाय धुताना ते मोरीतच कोसळले. उजवं अंग गेलं. तालुक्याचा डॉक्टर येऊन म्हणाला, "मेंदूत बोलण्याची जागा असते, तिथेच घाव बसलाय. त्यांना समजतं बरंचसं. पण शब्द सापडणार नाहीत."

एक शब्द सापडत होता. नको.

पाणी पुढे केलं की "नको," आणि घटाघटा पीत. खिडकी उघडली की "नको," आणि वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटून घेत. आईने केस विंचरले की हळूच, लाडात आल्यासारखं, "नको नको." सुरुवातीला आम्ही हसलोही. मग एकदा त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते लांब आणि गुंतागुंतीचं असणार, कारण त्यांच्या कपाळावर धडा शिकवतानाची आठी आली होती. ते पंधरा-वीस वेळा नको म्हणाले, वर-खाली, थांबत, जोर देत, अगदी वाक्य बोलावं तसं. मग स्वतःच्याच आवाजाकडे लक्ष गेलं. गप्प झाले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर आम्ही हसलो नाही.

त्यांचा डावा हात जिवंत होता. मी तो हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, हो असेल तर दाबा. नाही असेल तर सोडून द्या. ठरलं?"

त्यांनी दाबला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, त्यांना धडा आठवला. भाषा वरून शिकवून पाठवली की माणसांनी आपापसांत ठरवली, यावर ते आठवडाभर बोलले होते. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, आमची कोकणीही वरून आली काय? बाबा म्हणाले होते, "कोळंबीचं नाव वरून आलं असेल. भाव तुम्ही ठरवलात."

तर आमच्या दोघांची ती भाषा झाली. डाळ की मासा, ऊन की सावली, आज बरं वाटतंय का. तिसऱ्या माणसाला ती येत नव्हती. आईने हात धरला तर ते नुसते धरून राहत, दाबत नसत. आई म्हणे, "माझ्याशी कधी हो म्हणालेत, ते आता म्हणतील!"

गावात मात्र वेगळंच पोचलं होतं. कुणीतरी बघायला आलेल्याने खाटेजवळ कलमा म्हटला, आणि बाबा म्हणाले, "नको." तो माणूस तसाच उठून गेला. असरपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं.

दाऊदचाचा म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जमातीचे मुखिया. घराण्याचं नाव, मशिदीतली पहिली रांग, हे सगळं त्यांनी जपलेलं. ते चार मोठ्या माणसांना आणि याकूबला घेऊन आले. आईला म्हणाले, "भाभी, लोक काय बोलतात तुम्हाला ठाऊक नाही. म्हणतात, ज्याने अल्लाच्या कलामाला कागद म्हटलं, त्याची जीभच अल्लाने उचलली. या चौघांसमोर भाईच्या तोंडून एकदा कलमा निघू दे, मी गाव गप्प करतो."

"त्यांच्या तोंडून भातसुद्धा निघत नाही, दाऊद. नकोच निघतं."

"प्रयत्न तर करू."

ते खाटेभोवती बसले. चाचांनी मोठ्याने कलमा म्हटला, बाबांच्या तोंडाशी तोंड नेऊन. बाबा म्हणाले, "नको."

"म्हणा भाई. माझ्यामागून म्हणा."

"नको."

मी दारात उभी होते. म्हटलं, "चाचा, एकदाच म्हणायचं असतं."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "याकूबभाई, तुम्हाला ठाऊक आहे. एकदाच."

याकूबने मान खाली घातली.

"म्हणा भाई, अल्लासाठी म्हणा. नुसते ओठ हलवा!" चाचा रडत होते. त्यांचं भावावर प्रेम होतं, हे मला आजही खोटं वाटत नाही. "म्हणा!"

मी आत शिरले, खाटेच्या डाव्या बाजूला गेले. "चाचा, त्यांचा हात माझ्या हातात द्या. ते हाताने हो म्हणतात."

"डाव्या हाताने कलमा?" चौघांतला एक म्हणाला. "आणि तो कुणाला समजणार? तुला एकटीला? बाय, मुक्याची खूण चार लोकांना समजली तर साक्ष होते. एकीला समजली तर तो घरातला खेळ."

"बायकांनी आत जावं," दुसरा म्हणाला.

आणि चाचांनी परत एकदा, जवळजवळ ओरडून, कलमा म्हटला. बाबांनी होती नव्हती ती ताकद गोळा केली, डाव्या हाताने चाचांचं तोंड दूर लोटलं, आणि घरभर घुमेल असं ओरडले, "नको!"

चौघेही उठले. जाताना एकाने दारात थुंकल्यासारखं केलं, थुंकला नाही. याकूब शेवटी उठला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्या दिवसानंतर मी हातात हात घेतला तर ते पूर्वीसारखं चटकन दाबत नसत. कधी दाबत, कधी नुसता हात राहू देत. मी विचारायची, "दमलात?" आणि उशी सरळ करायची.

शेवटची सकाळ आली तेव्हा मला फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतरच कळलं. श्वास बदलला होता. आईने कुराणातली यासीन वाचायला घेतली. मी खाटेच्या डाव्या बाजूला बसले, बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला, वाकून त्यांच्या कानाशी कलमा म्हटला. एकदाच. हळू. आणि मग गप्प राहिले.

उन्हं खिडकीतून खाटेच्या पायाशी आली. तिथून गुडघ्यावर चढली. बाबा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, नकोसुद्धा नाही. ते बोलले असते तर मला पुन्हा एकदा म्हणता आलं असतं. मध्ये माणूस दुसरं काही बोलला तर पुन्हा म्हणायची मुभा असते. ते बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. ऊन छातीपर्यंत आलं तेव्हा छाती थांबली होती.

आंघोळ, कफन, सगळं झालं. जनाजा उचलायच्या आधी चाचा स्वयंपाकघरात आले. डोळे सुजले होते. त्यांनी मला आणि आईला कोपऱ्यात बोलावलं.

"सफूरा, ऐक. नमाज सगळे पढतील, त्यात कुणी आडवं येणार नाही. पण तलकीन वाचू नये म्हणतायत. मुंबईहून नवी शिकवण घेऊन आलेल्यांना ती तशीही पटत नाही, आता त्यांना कारणच मिळालं. म्हणतात, ज्याने जिवंतपणी चार माणसांसमोर कलम्याला नको म्हटलं, त्याला मेल्यावर काय शिकवायचं? मी भांडलो. शेवटी एवढं कबूल करून घेतलंय की शेवटच्या वेळी जवळ असणाऱ्याने साक्ष दिली, तर वाचू." त्यांनी आवाज खाली आणला. "मी म्हटलं, पोरगी जवळ होती. ती खूण समजते म्हणते ना? विचारू तिला. ते म्हणाले, सफूराने सांगितलं तर मानू. ती खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक आहे."

ते खरं होतं. मी बारा वर्षांची असताना बाबांनी मला एक नेम दिला होता. रोज झोपायच्या आधी दिवसभराचं बोलणं आठवायचं. त्यात एक जरी शब्द खोटा सापडला, तर दुसऱ्या दिवशी रोजा. लहानपणी माझे बरेच रोजे झाले. मग कमी झाले. मग बोलणंच कमी झालं.

"तू कलमा म्हटलास ना त्यांच्या कानाशी?" चाचा म्हणाले.

"हो."

"हात तुझ्या हातात होता?"

"हो."

"मग त्यांनी दाबला, एवढं बाहेर येऊन पडद्याआडून सांग. बस."

आई माझ्याकडे बघत होती. बाहेर माणसं खाकरत होती, ऊन वाढत होतं.

"सफूरा," आई म्हणाली, "बोल की गो."

"चाचा," मी म्हटलं, "त्यांनी दाबला नाही."

चाचा भिंतीला टेकले.

"हातात जीवच नसेल तेव्हा," आई घाईघाईने म्हणाली. "आतून म्हणाले असतील. तेच तर जन्मभर सांगत होते ना, आतलं ते खरं! मग आतलं तू सांग बाहेर."

"मला आतलं ठाऊक नाही, आई."

"ठाऊक नाही तर दाबला म्हण! एक रोजा पडेल. ठेव उद्या. मी पण ठेवते तुझ्याबरोबर. दोघी ठेवू." तिने माझे दोन्ही खांदे धरले होते. "बापासाठी एक रोजा ठेवत नाहीस तू?"

त्या भाषेत जगात दोनच माणसं बोलत होती, आणि त्यातलं एक बाहेर कफनात होतं. मी दाबला म्हटलं असतं तर गावाने मानलं असतं. कदाचित वर्षभरात मीही मानलं असतं. आणि मग त्या सकाळी तो हात माझ्या हातात कसा होता, हे सांगणारं कुणीच उरलं नसतं.

चाचांनी बाहेरून विचारलं. मी पडद्याआडून उत्तर दिलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं, आणि मला दोनदा सांगावं लागलं.

माणसं कबरस्तानातून परतली तेव्हा दुपारच्या जुहरची वेळ झाली होती. आई ओसरीच्या आत, भिंतीशी बसली होती. नवरा गेल्याची इद्दत म्हणून तिला आता चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नव्हता. माझ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. शेजारणींनी जेवण आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

असरनंतर मागच्या दारी याकूब आला. आत आला नाही. चपला पायातच होत्या.

"नाही वाचली," तो म्हणाला. "सगळे उभे होते, सफूराबाय. दाऊदचाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी दुआ मागितली आणि सगळ्यांबरोबर परत फिरलो."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आज सकाळी जमातीलाही दिला." त्याने एक पाऊल मागे घेतलं. "तुम्ही दाबला म्हणाला असतात तर—"

"याकूबभाई, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं का?"

"कुठल्या?"

"आतलं बोलणं दुसऱ्याला कसं कळणार."

त्याने विहिरीच्या रहाटाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही."

तो गेला. पुढे तो मोठा मौलवी झाला, शहरात गेला. मी कधी त्याचं वाईट बोलले नाही. आता माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. सोमवार-गुरुवारचे रोजे चालू आहेत, झोपायच्या आधीचा हिशोबही चालू आहे. रोज त्यात तो दिवस येतो. त्यात खोटं एक अक्षर सापडत नाही. त्याने झोप येते असं मात्र नाही.

याकूब गेल्यावर मी वजू केला. डोक्यावरून आईची जाड ओढणी घेतली. तलकीन मला तोंडपाठ होती, चिकामागे बसून इतक्या वेळा ऐकलेली. ती माती लोटल्यावर लगेच वाचायची असते, माणसं फिरायच्या आधी. आता उशीर झाला होता. सवाल विचारून झाले असतील. त्यांनी काय उत्तर दिलं असेल, किंवा नुसतं नको म्हणाले असतील, आणि ते कुणी कसं ऐकलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

मी चपला हातात घेतल्या. आईजवळून जाताना तिने माझा पदर धरला. मला वाटलं, अडवते.

"त्यात आईच्या नावाने हाक मारतात," ती म्हणाली. "अमुक, अमकीच्या मुला, असं."

"हो."

"आमिनाबीचं नाव घेऊ नकोस. ती त्यांची सावत्र आई. सगळ्या गावाला तीच ठाऊक. खरी आई यांना जन्म देऊन गेली." तिने पदर सोडला. "जुलेखा. जुलेखाचा मुलगा बदरुद्दीन, असं म्हण."

मी ते नाव मनात एकदा म्हटलं, आणि मागच्या दाराने निघाले.